आयत्या वेळचा विषय

नांदेड, २४ जानेवारी २०२६

सोमेश,

नमस्काराचं नंतर बघू. फोन उचलत न्हाईस, मेसेज वाचतोस अन् गप बसतोस. ग्रुपवर लिहावं तर पाच मिनिटांत त्याचा स्क्रीनशॉट गावभर फिरतो. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं अन् लिहायला बसलो.

परवा बिलोलीहून धम्मानंदचा फोन आला. तोच, तिथल्या कचेरीत टेलिफोनवर बसतो, जन्मापासून दिसत न्हाई तो. मला म्हणतो, "व्यंकटसर, तुमच्या अक्का आता मतं मागायल्या का?" मी हसलो. मग त्यानं त्याच्या मोबाईलवर आलेला प्रचाराचा कॉल ऐकवला.

अक्काचा आवाज. "बंधू-भगिनींनो, आपल्या हक्काच्या माणसाला" अन् पुढं कोण तो. अन् लांब वाक्याच्या आधी अक्का खाकरली. तेच खाकरणं, लेका! २०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीत मुरुडला तुझ्या बहिणीच्या, अक्काच्याच घरी अकरा दिवस आपण रेकॉर्डिंग केलं. भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद, शेजारची गिरणी थांबली की सुरू करायचं. वर्गात धडा वाचायच्या आधी खाकरती तशी अक्का दर मोठ्या वाक्याला खाकरायची. मी सगळीकडून ते कापलं होतं. धम्मानंद म्हणाला, एक तरी राहू द्या, बाई समोर बसल्यागत वाटतंय. म्हणून एकच ठेवलं, दर लांब वाक्याआधी मशीन तेच लावतं. जगात दुसऱ्या कुठल्या मशीनला ते खाकरणं न्हाई. तवा आवाज दुसऱ्या कुणाचा असंल असं मला सांगू नको.

'कानोसा' आपण कशाला काढलं? पडद्यावर जे असंल ते आंधळ्या माणसाला अक्काच्या आवाजात मराठीत वाचून दाखवायला. फुकट. कोड सगळ्यांसमोर उघडा, कुणीही बघावा, कुणीही दुरुस्ती पाठवावी. दोनशे माणसं बिनपगारी राबायलेत. अन् आलेली दुरुस्ती मी ओळ न् ओळ वाचल्याबिगर आत घेत न्हाई. तुझ्या सतरा ओळी मी चारदा परत पाठवल्या होत्या, आठ दिवस रुसला होतास. कोड सगळ्यांचा, पण अक्काची मूळ रेकॉर्डिंग संस्थेच्या कपाटात होती. एकाच अटीवर: आंधळ्यांना वाचून दाखवायला, दुसऱ्या कशाला न्हाई. अट अक्कानं घातली अन् 'हाव, चालंल' तू म्हणालास.

कुणाला दिलीस ती? ग्रुपवर लोकं विचारायलेत की ही संस्था म्हणजे कोण, नऊ वर्षांत एकदाही मतदान कामून न्हाई. अठरा जण सोडून गेले. मी त्यांना काय सांगू? नोंदणीला सात नावं लागतात म्हणून सोमेशनं स्वतः, बाप, आई, बहीण, चुलतभाऊ रेवणसिद्ध अन् भांड्याच्या दुकानातली दोन माणसं भरली, हे सांगू?

सभांच्या प्रोसिडिंगची वही मला दाखव. दर दिवाळीला 'चहापानानंतर सभा संपली' असल्या चार ओळी माझ्याकडून लिहून घेतोस. त्याच्या मागं-पुढं तू काय घुसडलंस ते मला बघायचंय.

व्यंकट


लातूर, ३० जानेवारी

व्यंकटराव, शरणार्थ.

पत्र मिळालं. शिव्या दिल्यास पण अक्षर अजून मोत्यासारखं. दुकानातला माणूस म्हणाला, लग्नाची पत्रिका आली का काय.

लपवण्यासारखं काही न्हाई. रेकॉर्डिंग पुण्याच्या एका कंपनीला दिलं, दोन वर्षं झाली. ग्राहकांना फोनवर मराठीत उत्तरं द्यायला म्हणून त्यांनी घेतलं. त्यांनी पुढं कुणाला विकलं, त्या पुढच्यानं प्रचाराला कसं लावलं, मला विचारून लावलं का? मलाबी तो फोन आला. अप्पांच्या कानाला लावला तर लेकीचा आवाज ओळखून म्हणाले, "शिवगंगा उभी राहिली का निवडणुकीला?" मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. तुला वाटतं मला गोड लागलं असंल?

पण एक सांग. चार हजार आंधळे ज्या मशीनवरून 'कानोसा' उतरवून घेतात ते मशीन कशावर चालायलंय? नऊ वर्षांत विचारलंस का कधी? तुझं आपलं कोड, कोड अन् कोड. बाकी सगळं इमानावर चालतं अशी तुझी समजूत. कंपनीनं जे दिलं त्याच्यावर ते चाललं. त्यातला एक पैसा घरी नेला असंल तर सिद्धेश्वराची आण.

अन् सगळं कायद्यानं हाय. रीतसर ठराव हाय, खाली सात सह्या हायेत, त्यात अक्काचीही. तुझी न्हाई, कारण २०१६ ला तूच हात झटकलेस: "मला कागदात गुतवू नको, कॉलेजात कळलं तर कंत्राट जाईल." आता कागदावर तू कुणीच न्हाईस, गड्या, अन् ओरडायलास मालकावाणी.

वही बघायची म्हणतोस. बघ की. पण जरा दमानं माग.

अक्काला यातलं काही कळवू नको. तिचं बरं चाललंय, उगं डोक्याला ताप नको.

सोमेश


नांदेड, ३ फेब्रुवारी

अक्का, नमस्कार.

सोमेश म्हणतो तुला कळवू नको. मी कळवणार. तुमच्या घरी दोन वर्षं राहून शिकलो, तुझ्या हातचं खाल्लं, तुझ्यापासून लपवलं तर माझ्यासारखा बेइमान मीच.

तुझा आवाज विकलाय, अक्का. आंधळ्यांसाठी दिलेला तू, तो आता मतं मागत फिरायलाय. संस्थेनं ठराव केला म्हणं अन् त्याच्यावर तुझी सही हाय म्हणं. कसला ठराव? सभा झालीच न्हाई, हे मला पक्कं मालूम हाय. तू कधी सभेला गेलीस का सांग बरं? न्हाईच. गौरीच्या जेवणाला माहेरी गेलीस की सोमेश ती वही पुढं करायचा अन् तू कोऱ्या पानांवर सह्या करून मोकळी व्हायचीस. भावानं मागितली म्हणून दिली. यात तुझी काय चूक?

पण आता गप बसू नको. तू सरकारी मास्तरीण, आचारसंहिता लागलेली. उद्या कुणी तक्रार केली तर तुझ्या नोकरीवर येतंय. कुणी विचारायच्या आधी तूच लिहून दे: अशी सभा झाली न्हाई, मी परवानगी दिली न्हाई, माझा आवाज मला न विचारता वापरला. बिनधास्त लिही. भाऊ हाय म्हणून भिऊ नको. ज्यानं बसून तो ठराव लिहिला त्याला घास तरी कसा गिळतो, मला तर हेच कळंना झालंय.

मी तुझ्या पाठीशी हाय. लागली तर साक्ष देतो, कुठंबी बोलव, पहिल्या गाडीनं येतो.

तुझा
व्यंकट


मुरुड, ११ फेब्रुवारी

प्रिय व्यंकट,

तुझं पत्र आलं तेव्हा मला नोटीस येऊन आठवडा झाला होता. २७ तारखेलाच आली. शिपाई वर्गात घेऊन आला, पोरं बघत होती. आचारसंहिता चालू असताना प्रचार केल्याबद्दल खुलासा करा, म्हणे. सोमेशला त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानं तुला 'बरं चाललंय' असं कळवलं असेल तर त्याचं काय बरं चाललंय ते त्यालाच माहीत.

मी प्रचार केला नाही हे कुणाला सांगू? गावानं कानानं ऐकलंय. मंगळवारच्या बाजारात कमलम्मानं भाजी देता देता सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुमचा फोन आलता. मी कितींदा म्हणलं बाई बोला की, बाई बऱ्या हाव का, तुम्ही आपल्या बोलतच राहिल्या, माझं ऐकनातच." लोक हसले. मीही हसले. घरी येऊन पिशवी ठेवली आणि रडले.

मला चौदा महिने राहिलेत रिटायर व्हायला. एकतीस वर्षांच्या सेवापुस्तकात एक वाकडी ओळ नाही. आता म्हणतात, आरोप शाबीत झाला तर बडतर्फीसुद्धा होऊ शकते.

तू म्हणालास तसं केलं. खुलाशात सगळं लिहून दिलं: सभा झाली नाही, सही कोऱ्या पानावर घेतली, परवानगी दिली नाही. भावाविरुद्ध लिहायचं होतं. तुझं पत्र शेजारी ठेवून लिहिलं. सोमेशला कळलं. आई फोनवर नुसती रडते, अप्पा फोन घेत नाहीत. माहेर तुटलं असंच समज.

आता त्यांनी संस्थेची वही मागवली आहे. २३ तारखेला लातूरला चौकशी आहे, अकरा वाजता. सभा झाली नाही हे सांगणारं माझ्याशिवाय कुणीतरी पाहिजे. तू येतोस म्हणालास, म्हणून साक्षीदार म्हणून तुझं नाव तोंडी सांगून ठेवलंय. आदल्या रात्री मुरुडलाच ये. तुला आवडतं ते आंबट वरण करते.

तुझी
अक्का


लातूर, १५ फेब्रुवारी

व्यंकट,

सोबत ठराव क्रमांक सातची झेरॉक्स हाय. वही चौकशीला जमा करण्याआधी काढून घेतली. आधी ती बघ, मग पुढं वाच.

बघितलंस? 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. संस्थेकडील ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क अन्य कंपनीस देण्याचे अधिकार सचिवांस देण्यात यावेत. सर्वानुमते मंजूर. चहापानानंतर सभा संपली.' आता अक्षर बघ.

घुसडलं न्हाई रे काही मी. २०२३ ची दिवाळी आठव. तू दुकानाच्या माडीवर बसला होतास, पुढं मुरमुऱ्याच्या सुशीलाची ताटली. वर्षाच्या चार सभा एका बैठकीत लिहायच्या होत्या. वकिलानं दिलेला कच्चा मसुदा मी तुझ्यापुढं ठेवला अन् म्हणालो, "एकदा वाचून घे." तू म्हणालास, "वाचायचं काय त्यात, दरवर्षीचंच असंल." दोन सभा निळ्या पेनानं लिहिल्यास, दोन काळ्या, एकाच दिवशी लिहिल्यागत वाटू नये म्हणून. ती अक्कल तुझीच होती. सह्या आधीच होत्या, तू फक्त त्यांच्या वर रकाने भरत गेलास. मी म्हणालो खरा वाच, पण तू वाचला न्हाईस याचं मला बरंच वाटलं, हेही आज सांगून टाकतो. वाचला असतास तर भांडला असतास.

कोडमधला स्वल्पविराम चुकला तर तू पोरांना परत पाठवतोस. अन् हे असं.

अक्कानं तुझ्या सांगण्यावरून लिहून दिलं की सभा झाली न्हाई. आता ते विचारणार, मग हे लिहिलं कुणी? मी सभा झाली म्हणलो तर अक्का खोटी पडते. तू जाऊन म्हणालास, 'सभा झाली न्हाई, मी माडीवर बसून लिहिलं', तर अक्का सुटते, अन् खोटं दफ्तर केलं म्हणून आपण दोघं जातो. तुझं कायम होण्याचं पत्र मार्चमध्ये येणार म्हणतात. माझं काय, दुकान हाय.

मी काय करणार ते विचारू नको. मला माझी लाज मालूम हाय. तू आजवर लई नाकानं कांदे सोललेस, आता तुझी पाळी.

सोमेश


नांदेड, १९ फेब्रुवारी

आदरणीय अक्का,

आपले पत्र मिळाले. आपणास झालेल्या मनस्तापाबद्दल मला अतिशय वाईट वाटते.

दिनांक २३ रोजी आमच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षा असून प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्यावर आहे. प्रकृतीही थोडी बरी नाही. तसेच एका वकील मित्राचा सल्ला घेतला असता, संस्थेच्या कागदपत्रांवर माझे नाव कोठेही नसल्याने माझ्या साक्षीस कायद्याने फारसे महत्त्व राहणार नाही, असे त्यांचे मत पडले. उलट त्यामुळे प्रकरणास निराळे वळण लागू शकते.

तथापि मी स्वस्थ बसलेलो नाही. 'कानोसा'च्या मुख्य पानावर निषेधाचे निवेदन प्रसिद्ध करीत आहे. यापुढे संस्थेचा कारभार खुल्या मतदानाने व्हावा, असा मसुदाही स्वयंसेवकांपुढे ठेवला आहे. त्यावर चांगली चर्चा चालू आहे. आपली इच्छा असल्यास आपला आवाज प्रणालीतून पूर्णपणे काढून टाकण्याचीही माझी तयारी आहे. आपण फक्त तसे कळवावे.

आपण सत्याच्या बाजूने आहात. सर्व ठीक होईल.

आपला,
व्यंकट


मुरुड, २२ मार्च

व्यंकट,

तू मला 'आपण' कधीपासून म्हणायला लागलास? पाकिटावरचं अक्षर बघून आनंदानं उघडलं होतं. दोन ओळी वाचल्या आणि वाटलं, कचेरीतलंच आणखी एक पत्र आलं.

चौकशी झाली. सोमेश आला होता. बाहेरच्या बाकावर बसून राहिला, आत बोलावलं तेव्हा 'मला काही आठवत नाही' एवढंच म्हणाला.

साहेबांनी वही माझ्यापुढं ठेवली, सातव्या ठरावाचं पान उघडून. विचारलं, "बाई, सही तुमची?" म्हटलं, हो. "मजकूर कुणाच्या हातचा, ओळखता?"

व्यंकट, उमरीहून आलास तेव्हा तुझं अक्षर कसं होतं आठवतं का? आमच्या लातूरच्या स्वयंपाकघरात सहा महिने पाटीवर गिरवून घेतलं मी तुझ्याकडून. 'ण' चा कणा सरळ काढ, 'श' ची गाठ सोडू नको. त्या पानावरचा प्रत्येक 'श' मी बसवलेला आहे. मी न ओळखून कोण ओळखणार? निळं पान ओळखलं आणि काळंही ओळखलं. आणि तुझी साक्ष कुठं अडली तेही तिथंच कळलं.

मी म्हटलं, "नाही ओळखत."

मग साहेब म्हणाले, मजकूर कुणाचा ते कळलं नाही तर पोलिसांकडं द्यावं लागेल, खोटं दफ्तर म्हणून. तेव्हा मी आधीचा खुलासा मागं घेतला. लिहून दिलं की सभा झाली होती, मी हजर होते, घाबरून आधी तसं लिहिलं. आयुष्यात एवढं मोठं खोटं पहिल्यांदा लिहिलं आणि ते सुवाच्य लिहिलं. एकाला भाऊ म्हणून वाचवलं की दुसऱ्याला भावासारखा म्हणून, ते मला विचारू नको. मला तुमचा दोघांचाही राग आहे, लई राग आहे, आणि स्वतःचा त्याहून जास्त. एकतीस वर्षं पोरांना सांगत आले, वाचल्याशिवाय सही करू नका. माझ्याच दिव्याखाली अंधार.

माझी नोकरी गेली असती. ती वाचवली धम्मानंदनं. तुझं निवेदन त्यानं मशीनकडून वाचून घेतलं, माझ्याच आवाजात, आणि चौकशीची तारीख मला फोन करून विचारली. बिलोलीहून पहाटेच्या एसटीनं एकटा निघाला, काठी घेऊन. बोलावलेलं नसताना दारात उभा राहिला. साहेब म्हणाले, तुम्हाला सभेचं काय माहीत? तो म्हणाला, "सभेचं मला काही माहीत न्हाई साहेब. पण मतं मागणारी बाई न्हाई, मशीन हाय. मी रोज दहा तास ऐकतो. बाई दर खेपेला निराळ्या खाकरतात, मशीन दर खेपेला एकसारखंच खाकरतं." आणि मोबाईलवर तो कॉल चार वेळा लावून दाखवला. मग मला म्हणाला, "बाई, आता तुम्ही एक मोठं वाक्य वाचा." मी खाकरले, दोन्ही वेळा निराळी, आणि भिंतीवरची सूचना वाचली. साहेबांनी ते टिपून घेतलं.

त्याला परीक्षा नव्हती आणि प्रकृतीही बरी होती बहुतेक.

बडतर्फी टळली. पण ठरावावर सही असल्यामुळं निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. सेवापुस्तकात शेरा बसला, लाल शाईत. तो आता कुठल्याही खुलाशानं जाणार नाही.

तुझं कायम झालं हे सोमेशकडून कळलं. चांगलं झालं. आता लग्नाचं बघ, आईला सुख दे.

तू विचारलं होतंस, आवाज काढून टाकू का. चाळीस वेळा वाटलं, टाकच म्हणावं. परत जाताना धम्मानंदला एसटीत बसवलं तेव्हा विचारलं, "काढून टाकायला सांगू का रे?" त्यानं काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "बाई, मग मला पगाराची स्लिप कोण वाचून दाखवणार?" म्हणून आवाज राहू दे. तो मी त्यांना दिला होता, त्यांचाच आहे. चोरांनीही नेला, तो आता परत येत नाही.

फक्त ते खाकरणं काढ. बाकी सगळं माझ्या सहीनं गेलं. ते मात्र माझं होतं, ते कुठल्या ठरावात नव्हतं. धम्मानंदला विचारलंय, तो हो म्हणाला. काढल्यावर कळवू नको, पत्र पाठवू नको, आंबट वरणाला येऊ नको.

हे पत्र दोनदा वाचलं आणि मगच खाली सही केली.

शिवगंगा